माळ्यावर कुबटलेली सॅक

प्रश्न:
नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. जुलैच्या शेवटी आम्ही मित्रमैत्रिणी ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावर मुक्कामाला गेलो होतो. रात्रभर पाऊस होता. सकाळी टेंट ओलाच गुंडाळला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, म्हणून सगळं सामान सॅकसकट माळ्यावर टाकलं आणि विसरले. आता दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढलं, तर सॅक उघडताक्षणी तोंड फिरवावं लागलं. खालच्या कप्प्यात सुकटीच्या चटणीचा डबा सांडलाय, त्याचं तेल पाठीच्या फोमपर्यंत गेलंय. स्लीपिंग बॅगला घामाचा आणि ओलीचा वास येतोय. टेंटवर काळे ठिपके पडलेत. सॅकमध्ये ठेवायच्या पाण्याच्या पिशवीच्या, म्हणजे ब्लॅडरच्या, नळीत काळपट काहीतरी धरलंय. बूट तर गॅलरीतच ठेवलेत. आई म्हणते, सगळं गरम पाण्यात डेटॉल घालून मशीनला लाव. एक मित्र म्हणतो, डांबरगोळ्या टाकून पिशवी बांधून ठेव, वास जाईल. आमचं मशीन टॉप लोड आहे. नोव्हेंबरच्या शेवटी बामणोलीला मुक्काम करून वासोटा किल्ला करायचाय. नवीन सामान घेणं परवडणारं नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर:
मशीन, डेटॉल आणि डांबरगोळ्या, तिन्ही आधी बाजूला ठेवा. तुमचं बहुतेक सामान वाचेल. टेंटबद्दल मात्र एक शंका आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय. वेळही हाताशी आहे. या कामात धुवायला अर्धा दिवस लागतो आणि वाळायला जवळजवळ आठवडा. दिवाळीनंतर साताऱ्याची हवा कोरडी होत जाते, म्हणून हे आता जमेल. भर पावसाळ्यात सॅकचा फोम आतून वाळवणं फार अवघड.

तुमच्या सामानाला एक वास लागलेला नाही, तीन-चार वेगवेगळे लागलेत आणि प्रत्येकाचं मूळ निराळं आहे. पट्ट्यांना आणि स्लीपिंग बॅगला येतो तो घामट वास. घाम स्वतः फारसा वास मारत नाही. घामातले आणि त्वचेच्या तेलातले घटक जिवाणू खातात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांचा तो वास. माळ्यावरच्या ओलीतून आलेला कुबट वास बुरशीचा. चटणीचा वास दोन प्रकारचा आहे, सुकटीचा वशट आणि तेलाचा खवट. टेंटला ओकारीसारखा आंबट वास असेल, तर ते चौथंच प्रकरण. हे आधी ओळखायचं, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. वरून सुगंधी फवारा मारला तर मूळ तसंच राहतं आणि सॅक घामाने पुन्हा ओली झाली की वास परत येतो.

घामाचा वास आम्लांचा असतो, म्हणून त्यावर खायचा सोडा चालतो. सोड्यामुळे आम्लाचं क्षारात रूपांतर होतं आणि क्षार हवेत उडत नाही. मासळीच्या वासाचं उलट आहे. तो ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या अल्कधर्मी द्रव्याचा असतो, त्याला आम्ल लागतं, म्हणजे व्हिनेगर किंवा लिंबू. सुकटीला, बोंबलाला आपण लिंबू नाहीतर आमसूल लावतो, त्यामागे हेही एक कारण आहे. आता यातली नेहमीची चूक सांगतो: सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फसफस झाली की बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. एका वेळी एकच वापरा, मध्ये साध्या पाण्याने धुवा. आणि व्हिनेगरच्या आसपास ब्लीच अजिबात आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो छातीवर बसतो. तसंही क्लोरीनच्या ब्लीचने नायलॉनचे धागे कमजोर होतात, त्यामुळे या सामानापासून ते लांबच बरं.

सुरुवात गच्चीवर करा, घरात नको. नाकाला मास्क लावा आणि कोरड्या ब्रशने टेंटवरची, सॅकवरची बुरशी झटकून काढा. ओल्यावर घासलं तर बुरशी कापडात पसरते आणि घरात झटकलं तर तिचे कण गाद्या-पडद्यांत जाऊन बसतात. मग सगळं सामान सकाळच्या उन्हात तास-दोन तास उलटसुलट करून ठेवा. दिवसभर नको. कडक उन्हाने नायलॉन विरतं, रंग उडतो. बुरशीला मात्र तेवढं ऊन आणि वारा पुरेसा धक्का देतात.

आता सॅक. सगळे कप्पे रिकामे करा, झाकणाचा आतला छोटा खिसा आणि वेस्ट बेल्टच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) चेनवाल्या खिशांसकट. चिक्कीचा तुकडा, संत्र्याची साल, ओआरएसची अर्धी पुडी असलं काहीतरी तिथे हमखास सापडतं आणि वासाचं एक मूळ तेच असतं. पाठीमागच्या कप्प्यात अॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा फ्रेमशीट (पाठीला आधार देणारा कडक तक्ता) असेल ती ओढून काढा आणि कोणती पट्टी कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढून ठेवा. त्या पट्ट्या पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेल्या असतात, उलट्या बसवल्या तर कमरेत टोचतात. वेस्ट बेल्ट सुटा होत असेल तर काढा. चेनच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने कोरडीच काढा.

चटणीचा भाग सगळ्यात आधी आणि वेगळा हाताळायचा, कारण सुकटीचा वास तेलात मुरलेला असतो. तेल निघाल्याशिवाय व्हिनेगर तिथपर्यंत पोचतच नाही. डाग पडलेल्या जागेवर बेसन किंवा कॉर्नफ्लोर जाडसर पसरा, हाताने दाबा, दोन-तीन तास ठेवा आणि झटकून टाका. पीठ पिवळट, ओलसर निघालं तर पुन्हा नवीन पसरा. त्यानंतर भांडी घासायचा द्रव साबण पाणी न घालता डागावर टाका, बोटांनी चोळा, पंधरा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने घासा आणि साध्या थंड पाण्याने धुवा. इथे गरम पाणी वापरू नका. सुकटीतलं प्रथिन गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतं, मग वास महिनोनमहिने रेंगाळतो. फोमचा भाग स्पंजसारखा दाबायचा आणि सोडायचा, पिळायचा नाही. दाबल्यावर येणारं पाणी गढूळ आणि पिवळट आहे तोवर साबण आणि पाणी चालू ठेवा. दोन वेळा तरी करावं लागेल.

साबण लावल्यावर हळदीचा डाग एकदम लालभडक होईल. घाबरू नका. अल्कधर्मी साबणाने हळदीचा रंग तसा बदलतोच. तेल आणि वास निघाला असेल तर डागाशी झटापट करू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिकट होतो.

तेल गेलं की एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी असं मिश्रण करा, त्या भागावर ओता, फोमलाही पिऊ द्या आणि अर्धा तास ठेवून धुवा. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो. रात्रभर मात्र भिजवत ठेवू नका, धातूच्या कड्यांना आणि इलॅस्टिकला आम्ल चांगलं नाही.

यानंतर संपूर्ण सॅक. मोठ्या टबात वीसेक लिटर कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हात सहज बुडवून ठेवता येईल इतपत. त्यात दोन मोठे चमचे सौम्य द्रव साबण. कपड्यांची पावडर नको, तिचे कण फोममध्ये आणि शिवणीत अडकतात, निघत नाहीत, आणि पुढच्या ट्रेकला घाम आला की पाठीला खाज सुटते. फॅब्रिक कंडिशनर तर मुळीच नको. त्याचा थर कापडावर बसतो, त्यामुळे पाण्याला अडवण्याची ताकद कमी होते आणि वासाला चिकटायला जागा मिळते. सॅक वीस मिनिटं बुडवून ठेवा. मग जास्त लक्ष तीन जागी द्या: खांद्याच्या पट्ट्यांची आतली बाजू, पाठीची जाळी आणि वेस्ट बेल्ट. तिथे घामाच्या मिठाचे पांढरे ओघळ दिसतील. ते मऊ ब्रशने गोल गोल घासा. सॅकच्या आतल्या बाजूला चकचकीत लेप असतो, तिथे ब्रश नको, ओल्या फडक्याने हलकं पुसा. पाणी बदलत तीन-चार वेळा खळबळा, फेस पूर्ण जाईपर्यंत. बोअरचं पाणी वापरत असाल तर एक-दोन वेळा जास्तच, कारण जड पाण्यात साबणाचा साका बसतो.

घामाचा वास तरीही पट्ट्यांत राहिला, तर पाच लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून फक्त पट्टे आणि बेल्ट तासभर त्यात बुडवा. त्यालाही दाद दिली नाही तर एन्झाइमचा डिटर्जंट घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तो कोमट पाण्यात दोन-तीन तास तरी भिजवला पाहिजे. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, लावला आणि लगेच धुतला तर तो साधा साबणच ठरतो. पाणी उकळतं घेतलं तर एन्झाइम मरतो.

टॉप लोड मशीनला नाही म्हणालो, त्याचं कारण मधला फिरणारा दांडा. पट्टे त्याभोवती गुंडाळले जातात, बकल फुटतात, फोम शिवणीतून सुटतो आणि आतला लेप सोलून निघतो. एकदा लेप गेला की सॅक धुतलेली दिसते, पण पावसात गळते.

वाळवताना सॅक उलटी टांगा, तोंड खाली, सगळ्या चेन उघड्या, सावलीत, वारा लागेल अशा जागी. कापड संध्याकाळपर्यंत वाळेल, तिथेच फसगत होते. पट्ट्यांतला आणि पाठीचा फोम आतून दोन-तीन दिवस ओला असतो, आणि कुबट वास परत येतो तो नेमका तिथून. एक तपासणी सोपी आहे: कोरडा टिश्यू पेपर किंवा पातळ रुमाल फोमवर ठेवा, गुडघ्याने अर्धा मिनिट जोरात दाबा आणि बघा. थोडीही ओल लागली तर अजून एक दिवस. टेबलफॅन लावला तर काम लवकर होतं. हेअर ड्रायर नको, फोमचा डिंक सुटतो.

स्लीपिंग बॅग तुम्ही कोणती ते लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त बॅगा सिंथेटिक भरावाच्या असतात, तसं धरून सांगतो. शिवणीपाशी चिमटीत धरून बघा. आत पिसं आणि त्यांची काडी जाणवली तर ती डाउनची. मग घरी काहीच करू नका. डाउनसाठीचा खास साबण, फ्रंट लोड मशीन आणि कित्येक तास चालणारा ड्रायर लागतो. ते जिथे आहे तिथेच द्या.

सिंथेटिक असेल तर चेन लावा, बॅग उलटी करा, बाथरूमच्या टबात कोमट पाणी आणि तीन मोठे चमचे सौम्य साबण घेऊन अर्धा तास भिजवा. मग पायांनी हलके तुडवा, गोधडी धुतो तसंच, पण आपटायचं नाही. डोक्याकडची आणि मानेची बाजू सगळ्यात मळकट असते, तिथे केसांचं तेल मुरलेलं असतं. त्यावर साबणाचे दोन थेंब जास्त टाका. सगळ्यात मोठी चूक होते ती टबातून बाहेर काढताना. भिजलेली बॅग चांगलीच जड होते, एका टोकाला धरून उचलली की आतले टाके उसवतात आणि भराव पायाशी गोळा होतो, मग छातीवर नुसतं दोन पदरी कापड. दोन्ही हात खाली घालून, बाळाला उचलतो तशी उचला. आधी टबातच दाबून पाणी काढा. तारेवर टांगू नका, बाजेवर किंवा दोन खुर्च्यांवर आडव्या बांबूंवर पसरा. दर दोन-तीन तासांनी उलटा आणि गुठळ्या बोटांनी मोकळ्या करा. दोन दिवस लागतील. घडी घालायच्या आधी आत हात घालून पायाकडचा कोपरा चाचपा. बाहेरून कोरडी, आतून गार लागली तर अजून ओली आहे.

पुढच्या वेळेसाठी एक लायनर (स्लीपिंग बॅगच्या आत घालायची पातळ पिशवी) शिवून घ्या, म्हणजे बॅग वर्षाला एकदा धुतली तरी पुरे. जुनी सुती साडी घ्या, तिची साडेचार मीटर लांबी कापा, मध्यावर दुमडा, म्हणजे सव्वादोन मीटर लांब पिशवी होते. रुंदी नव्वद सेंटिमीटर ठेवून दोन्ही बाजू शिवा, उरलेली रुंदी कापून टाका. एक बाजू वरून गुडघाभर मोकळी सोडली तर शिरायला सोपं जातं. धुतलेला लायनर तास-दोन तासांत वाळतो.

टेंट. आधी तपासा, मग धुवा. फ्लायच्या, म्हणजे टेंटवरच्या पावसाळी आवरणाच्या, आतल्या बाजूचं कापड स्वतःवर दुमडून दाबा आणि सोडा. सहज सुटलं तर ठीक. चिकटून, चरचर आवाज करत सुटलं, बोटाला चिकचिकीत लागलं आणि ओकारीसारखा वास आला, तर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप कुजलाय. ओल आणि उष्णता मिळून त्याचे रेणू तुटतात, आणि कौलाखालच्या माळ्यावर पावसाळ्यानंतर दोन्ही असतात. हा वास धुऊन जात नाही, कारण तो मळाचा नसून लेपाचाच असतो. जुना लेप खरवडून नवा लावता येतो, पण किचकट काम आहे, आणि साध्या टेंटला परवडत नाही. तुमचा टेंट असा निघाला तर यावेळी भाड्याने घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. असा लेप पाऊस अडवणार नाही आणि वास रात्रभर झोपू देणार नाही.

लेप ठीक असेल तर टेंट उभा करून धुणं सगळ्यात सोपं, गच्चीवर. मऊ स्पंज, थंड पाणी, थोडा सौम्य साबण. शिवणीवरच्या पारदर्शक पट्ट्या घासू नका, कडा उचलल्या जातात. काळ्या ठिपक्यांवर तेच एकास चार प्रमाणाचं व्हिनेगर स्पंजने लावा, वीस मिनिटं ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा, आणि वास राहिलाच तर पुन्हा एकदा. वास जाईल. काळे ठिपके कदाचित कायम राहतील, कारण बुरशी मेली तरी तिचा रंग धाग्यात उरतो. ते घालवण्यासाठी ब्लीचच्या मागे लागू नका. टेंटचे खांब सुटे करून कोरड्या फडक्याने पुसा, आत ओल राहिली की इलॅस्टिक सडतं.

ब्लॅडरच्या नळीत जे काळं दिसतंय ती बुरशीच. त्यात कधी सरबत, टँग, ओआरएस भरलं होतं का? साखर नळीत राहिली की आठवड्याभरात तिच्यावर वाढ धरते. ब्लॅडर, नळी आणि तोंडाचा व्हॉल्व्ह वेगळे करा. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळवून सगळं अर्धा तास ठेवा. नळीतून काळं निघण्यासाठी जाड दोऱ्याला सुती कापडाची घट्ट गाठ मारा, दोऱ्याचं दुसरं टोक नळीतून पलीकडे काढा आणि गाठ ओढत आणा. तीन-चारदा करा, दर वेळी गाठ धुऊन. नंतर लिंबाच्या पाण्याने एकदा धुवा. इतकं करूनही नळीत काळं राहिलं, तर नळी टाकून द्या. ती सुटी मिळते, आणि पोटात जाणाऱ्या पाण्याच्या बाबतीत काटकसर नको. वाळवताना ब्लॅडरच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात आणि आत ओल राहते. तोंड रुंद असेल तर स्वयंपाकघरातली स्वच्छ कोरडी रवी आत उभी घाला, भिंती लांब राहतात. वाळल्यावर ब्लॅडर फ्रीझरमध्ये ठेवला तर बुरशी वाढत नाही. यापुढे ब्लॅडरमध्ये साधं पाणी, सरबत बाटलीत.

बुटांचं लवकर आटपतं. लेस आणि आतले तळवे काढा. तळवे वेगळे धुवा, खरा वास तिथेच असतो. बुटांच्या आतून ओल्या फडक्याला साबण लावून पुसा, मग साध्या पाण्याचं फडकं फिरवा. पूर्ण बुडवू नका. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बदला, ओले बोळे तसेच ठेवले तर ओल आतच राहते. वाळल्यावर दोन चमचे खायचा सोडा जुन्या मोज्यात बांधून रात्रभर आत ठेवा. सोडा थेट बुटात ओतला तर शिवणीत शिरतो आणि ओल्या पायाला चरचरतो. चुलीजवळ, पत्र्यावर, गीझरवर बूट वाळवू नका, सोल चिकटवलेला डिंक उष्णतेने सुटतो. ट्रेकच्या मध्यावर सोल उघडणारे बूट बरेचदा असेच कधीतरी भाजलेले असतात.

घामाचे पॉलिस्टर टी-शर्ट धुऊनही वास मारतात, अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, पण तीही असणारच. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे सुती आणि पॉलिस्टर टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिस्टरचा वास जास्त तीव्र आढळला, आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू चांगले वाढलेले होते. पॉलिस्टर तेल धरून ठेवतं. म्हणून असे शर्ट उलटे करून, चार लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखे, पण साबण कमी घालून धुवा. जळवांच्या रक्ताचे डाग असतील तर थंड पाणीच, गरम पाण्याने ते पक्के होतात.

आता आईंचं डेटॉल. जंतू मारण्याची त्यांची काळजी योग्य आहे, पण डेटॉल तेल काढत नाही, चटणीचे कण काढत नाही, आणि त्याचा स्वतःचा उग्र वास फोममध्ये बसतो. खाणं काढून टाकलं आणि कोरडं ठेवलं, तर जंतू पुन्हा वाढायला काही उरत नाही. डांबरगोळ्यांना मात्र आमचा ठाम विरोध आहे. नॅफ्थलीनची वाफ श्वासातून शरीरात जाते, रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना त्याने गंभीर त्रास होऊ शकतो, आणि ज्या बॅगेत तोंड घालून आठ तास झोपायचं त्यात ती वाफ मुरलेली असणं अगदी वाईट. तो वास स्वतःच महिनोनमहिने निघत नाही.

सुकटीचा वास घालवण्याबद्दल इतकं लिहिलं, त्यामागे नाकापलीकडचंही कारण आहे. ज्या सॅकला खाण्याचा वास आहे ती उंदरांना लगेच सापडते, आणि उंदीर चेन उघडत बसत नाही, कापड कुरतडतो. गडांवर माकडंही सॅकवर झडप घालतात. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, तिथे अस्वलं आहेत. त्या जंगलात खाण्याचा वास अंगावर घेऊन फिरू नये. चटणी न्यायचीच तर फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, तोही वेगळ्या पिशवीत, आणि रात्री टेंटमध्ये ठेवू नका.

बामणोलीला पाऊस नसला तरी टेंट सकाळी ओलाच मिळेल. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर नोव्हेंबरात दव पडतं आणि दोन माणसांच्या श्वासाची वाफ फ्लायच्या आत थेंबांनी साचते. झोपताना वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, थेंब कमी होतात. सकाळी फ्लाय सुती फडक्याने आतून पुसून घ्या, आणि लाँचला वेळ असेल तर उन्हात पसरा. ओलाच भरावा लागला तर टेंट सॅकच्या आत कोंबू नका, वेगळ्या पिशवीत बाहेर बांधा आणि घरी पोचल्याच्या रात्रीच, कितीही दमला असलात तरी, हॉलमध्ये पंख्याखाली पसरा. इस्त्री, भांडी, मळके कपडे सकाळी झाले तरी चालतं, टेंटचं नाही.

सामान शिवसागरात किंवा कासच्या तलावात धुवायचा मोह काहींना होतो. कासचं पाणी साताऱ्यातल्या नळांना येतं. साबण कितीही सौम्य असला तरी पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, बादलीत धुवा आणि ते पाणी मातीत ओता.

माळा हा या सामानाचा शत्रू आहे, विशेषतः जून ते सप्टेंबर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, साताऱ्यात त्यामानाने फार कमी, पण त्या महिन्यांत शहराची हवाही ओली असते. सॅक कपाटात किंवा पलंगाखाली नाही, खुंटीवर टांगा, चेन उघड्या ठेवून. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका, मोठ्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. टेंटही सैल, सुती पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत काहीच नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळं खाली काढून पंख्याखाली तासभर पसरा.

तुमचा क्रम असा ठेवा: या रविवारी टेंट तपासा, कारण तो गेला असेल तर भाड्याचा शोधायला वेळ हवा. त्याच दिवशी सॅकला चटणीचा उपचार. पुढच्या शनिवारी सॅक पूर्ण धुवा आणि रविवारी स्लीपिंग बॅग, दोन्ही एकत्र नको, वाळवायला जागा पुरणार नाही. बूट आणि ब्लॅडर मधल्या संध्याकाळी. निघायच्या चार दिवस आधी रुमालाची तपासणी पुन्हा करा. फोमला ओल लागली तर सॅक भरू नका, एक रात्र पंख्यासमोर ठेवा आणि मग भरा.